एकोणसाठ किलोंचा वहीम

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. आमच्याकडे धान कापून झालं की बांधीत, म्हणजे शेतातच, पेंढ्यांचं पुंजणं रचतात. ज्यानं पहिली पेंढी टाकली, त्याला तरी कुठे ठाऊक असतं की ते डोक्याच्या वर जाणार आहे! आमच्या रोइंग क्लबाचंही तसंच झालं. शेडमध्ये होड्या चार, वल्ही बारा, आणि उरलेली सगळी जागा किश्श्यांनी अडवलेली. परवा मित्रमंडळींत बसून एकेक सांगायला लागले तेव्हा लक्षात आलं, की यातला प्रत्येक किस्सा वहिमाचा आहे. कोणीतरी आमच्यावर संशय घेतला, नाहीतर आम्ही कोणावर तरी घेतला!

तर मी करडी गावची. शाळा पाचगणीला, कॉलेज थेट इंग्लंडात. तिथे नदीवर रोइंग शिकले आणि एके दिवशी वाटलं, आपली वैनगंगा काय वाईट आहे? परत आले. नदी जिथे रुंद होऊन जवळजवळ थांबतेच, तिथे पत्र्याची शेड टाकली. पहिल्या वर्षी अकरा मुली आल्या. टिकली एक. संघमित्रा. सगळ्यांची मित्रा.

तिचे वडील सुखदेवकाका तुमसरच्या धान बाजारात मापारी आहेत, म्हणजे पोती तोलून देणारे. आणि आमची सेफ्टी बोट चालवतात ते मोतीराममामा, जन्म नदीवर काढलेले ढिवर, म्हणजे मासेमार. क्लब म्हणजे एवढीच माणसं.

*

पहिली होडी ट्रकवर आली. आठ मीटर लांब, पांढऱ्या कापडात गुंडाळलेली. दुसऱ्याच दिवशी रेतीचोरी पकडणाऱ्या पथकाची जीप हजर! आमच्या नदीवर जे काही तरंगतं ते रेतीसाठीच तरंगतं, असा सरकारी समज आहे. तो अगदीच खोटाही नाही.

साहेबांनी होडीभोवती दोन चकरा मारल्या. "रेती किती मावते हिच्यात?"

मी पेटलेच. ग्रामीण मुली, आंतरराष्ट्रीय खेळ, नदीवरचा आपला हक्क, असं दहा मिनिटं बोलले. शेवटी म्हटलं, "साहेब, ही होडी चौदा किलोची आहे. एक माणूस कसाबसा बसतो. टोपलीभर रेती ठेवली तरी उलटेल. एक ट्रक भरायचा तर हजार खेपा कराव्या लागतील!"

साहेबांनी शांतपणे डायरी उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, "हजार खेपा... कबूल."

*

मोतीराममामा पहिला महिनाभर क्लबात नव्हतेच. ते आपल्या डोंग्यातून आमच्या मागे मागे यायचे. बोलायचे नाहीत. मित्रा थांबली की थांबायचे, निघाली की निघायचे. मला वाटलं, यांना आमचं इथे येणं खटकतंय. जाळ्यांवरून भांडण होणार. मी मनातल्या मनात उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती.

शेवटी मीच विचारलं, "मामा, आमच्या मागे का येता?"

"पोट्टी उलटी बसून जाते कोचबाई! जाचं तिकडं पाठ, आन् तोंड मांगं. समोर खडक हाय का जाळं हाय, पाहणारा कोण?"

आता रोइंगमध्ये तसंच बसतात. पाठ पुढे, तोंड मागे. मी त्यांना शास्त्र समजावलं. पायांची ताकद, सरकती सीट, सगळं. मामांनी ऐकून घेतलं, बिडी पेटवली, आणि म्हणाले, "मले समजलं. मांगं पाहत पाहत पुढं जाचा खेळ हाय. हा बायकाईलेच जमन. सासरी जातानी सराव झालाच राह्यते."

त्याच दिवशी मी त्यांना सेफ्टी बोट दिली.

*

आता थोडं वजनाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. रोइंगमध्ये उंच, थोराड माणसं जिंकतात. आमच्यासारख्या चणीच्या मुलींसाठी वेगळा गट असतो, लाइटवेट. बायकांना मर्यादा एकोणसाठ किलो. शर्यतीआधी काट्यावर उभं राहायचं. एकोणसाठच्या वर जराही काटा गेला, तर होडी पाण्यात उतरत नाही. वर्षभराची मेहनत किनाऱ्यावरच संपली!

मित्राचं नैसर्गिक वजन बासष्ट. म्हणजे तीन किलो, कायमचे, तोंड आवळून.

गावात लगेच बभ्रा झाला. "इतलं शिकून आली आन् लोकाची पोट्टी वाळवून राहिली!" कोणीतरी आरोग्य खात्याच्या आशाताईंकडे तक्रार केली. कुपोषणाची! ताई रजिस्टर आणि लहान मुलांच्या दंडाला लावायची रंगीत पट्टी घेऊन शेडमध्ये आल्या. लाल रंगावर आलं तर कुपोषित, हिरव्यावर आलं तर ठीक.

मित्रानं बाही वर केली. दोन वर्षं रोज वीस किलोमीटर वल्हवणारा दंड तो! ताईंनी पट्टी लावली, ओढली, परत लावली. दोन्ही टोकं एकमेकांना भेटेचनात.

ताईंनी रजिस्टर मिटलं. मग मला हळूच म्हणाल्या, "मॅडम, हे वाळवलेलं हाय, तर वाळवाच्या आधी काय होतं बाप्पा?"

*

सुखदेवकाकांचा मशीनवर विश्वास नाही. बाजारात तीस वर्षं पोती तोललीत त्यांनी. पोत्याला नुसता हात लावला की सांगतात, "हे अर्धा किलो कमी हाय." काटा लावून बघावं तर अर्धा किलो कमीच!

त्यांनीच एका मिलमधून निघालेला जुना काटा दुरुस्त करून आणला. रोज सकाळी मित्राचं वजन तेच करायचे. मी आकडा वहीत लिहायची. राज्याच्या निवड चाचणीआधी सलग आठ दिवस आकडा अठ्ठावन्न पूर्णांक आठ. मी निर्धास्त होते.

चाचणीच्या दिवशी तिथल्या काट्यावर मित्रा उभी राहिली, तर एकोणसाठ पूर्णांक चार!

पुन्हा उभी केली. तेच. तासभर पळवली, तरी मर्यादेत येईना. दुसऱ्या मुली पाण्यात उतरल्या आणि मित्रा शूज हातात घेऊन कठड्यावर बसून राहिली. तिचं अख्खं वर्ष गेलं. रडली नाही. रडली असती तर परवडलं असतं.

माझी खात्रीच पटली. काटा मुद्दाम जड लावलाय! छोट्या जिल्ह्याची, मापाऱ्याची पोर, कोण विचारणार आहे? असल्या व्यवस्थेशी लढायलाच तर मी परत आले होते. त्याच संध्याकाळी निवड समितीला चार पानी पत्र मेल केलं. त्यात 'षड्यंत्र' हा शब्द तीनदा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रागारागात, मी पहिल्यांदा काकांच्या आधी शेडमध्ये जाऊन बसले. काका आले. मला त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी काट्यावर आधी एक रिकामं पोतं ठेवलं, बटण दाबून आकडा शून्य केला, पोतं उचलून बाजूला ठेवलं आणि हाक मारली, "चढ माय."

मी उडालेच. "काका! हे काय?"

"बारदाना." काका माझ्याकडे वेड्यासारखे बघायला लागले. बारदाना म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन; बाजारात धान तोलताना ते कापून घेतात. "पोरगी कपड्यासकट चढते ना मॅडम! आपल्याले माल तोलाचा हाय का पोतं?"

पोत्याचं वजन सहाशे ग्रॅम. अठ्ठावन्न-आठ अधिक सहाशे. मी वहीत बघायचंसुद्धा टाळलं.

मला वाटलं होतं मी ओरडेन. पण काकांनाच हळूहळू समजत गेलं. त्यांनी ते पोतं उचललं, चार घड्या घातल्या, काखेत मारलं. "तीस सालात माह्या काट्यानं कोणाचं नुकसान नाई झालं मॅडम," एवढंच म्हणाले, "झालं ते घरचंच झालं." मित्रानं त्यांच्या हातून पोतं घेतलं आणि कोपऱ्यात पाय पुसायला टाकलं. "पुढच्या साली तोलू बाबा," ती म्हणाली. विषय संपला.

माझा संपला नव्हता. मी समितीला दुसरं मेल केलं, एका ओळीचं: 'कृपया माझं आधीचं पत्र वाचू नये.'

उत्तर तासाभरात आलं. 'आम्ही दोन्ही वाचलेली नाहीत.'

*

बारदान्याचा प्रश्न सुटला, तर नवीनच भानगड. दर सोमवारी मित्राचं वजन सातशे-आठशे ग्रॅम वर! शनिवारी ठीक, सोमवारी वर. रविवारी सुट्टी असायची आणि ती मोठ्या बहिणीकडे, चिखल्याला जायची. मायाताईचा नवरा तिथल्या मॅंगनीजच्या खाणीत आहे.

मी विचारलं, "मित्रा, रविवारी काय खातेस?"

"काई नाई मॅडम. काकडी."

काकडीनं आठशे ग्रॅम? एका रविवारी मी स्कूटी काढली. तोंडाला ओढणी, डोळ्यांवर काळा चष्मा. कामगारांच्या कॉलनीत पाण्याच्या टाकीमागे उभी राहून मायाताईच्या क्वार्टरवर नजर ठेवली. पाच मिनिटं झाली नसतील, मागून आवाज आला, "या ना, असं उन्हात काहून उभ्या राहून राहिल्या?"

मायाताई! तिनं मला कधी पाहिलेलं नव्हतं. हाताला धरून घरात नेलं, खुर्ची पुसली, पंखा माझ्याकडे वळवला. शेजारच्या दोघी दारात येऊन उभ्या. आणि आतून मित्रा आली. डोक्यावर ओढणी, हातात पाण्याचा ट्रे, मान खाली! आयुष्यात एवढी मान तिनं कधी खाली घातली नव्हती.

माझ्या समोर आयते आले. तांदळाच्या पिठाचे, आमच्याकडची धिरडी. सोबत मासोळीचं कालवण. मी काही बोलणार एवढ्यात मायाताईनं आवाज खाली केला. "आमची पोरगी कामाले वाघ हाय. तुमचा पोरगा कोठी नोकरीले हाय म्हटलं?"

मी पाच आयते खाल्ले. दुसरं काय करणार!

परत येताना मित्रा स्कूटीवर मागे बसली होती. तुमसर येईपर्यंत हसली. मग हसू आवरून म्हणाली, "सहा दिवस मी धानासारखी तोलल्या जातो मॅडम. एक दिवस माणसासारखी जेवतो. त्याच्यात काई चुकलं का?"

त्यानंतर मी सोमवारी वजन घेणं बंद केलं. मंगळवारी घेते.

*

पुढच्या वर्षी मित्रा निवड चाचणीत काट्यावर अठ्ठावन्न-आठ भरली. अस्सल, बारदान्यासकट. शर्यतही जिंकली, पुढे देशाच्या चाचणीतही टिकली. पूर्वेकडच्या एका देशात आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती, तिचं नाव लागलं.

त्याच सुमारास बातमी आली, की मोठ्या स्पर्धांमधून लाइटवेट गट एकेक करून कमी होतायत. म्हणजे मित्राला ही पहिली संधी, आणि कदाचित शेवटची. काकांनी बातमी दोनदा ऐकली. "आपली गाडी लाइनीले लागली, तवाच काटा बंद!" त्यांना यात कोणाचा तरी हात असल्याची शंका होती. खरं सांगायचं तर मलाही.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आले. वहीत पेन टेकवून विचारलं, "तिकडच्या लोकाईनं हिलेच कायले बोलावलं?"

काका अभिमानानं म्हणाले, "वजन एकोणसाठच्या आत हाय म्हणून!"

पेन थांबलं. "म्हणजे? वजन पाहून पोरी नेऊन राहिले? एजंट कोण हाय?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे झाले, पत्रं दाखवली, फोटो दाखवले, खेळ समजावला. त्यांनी सगळं वाचलं. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही इंग्लंडले होत्या?"

"हो."

"चांगलं चालू होतं?"

"हो."

"मंग वापस काहून आल्या?"

मी मनापासून सांगितलं. आपला गाव, आपली नदी, इथल्या मुली, हे सगळं बदलू शकतं यावरचा माझा विश्वास. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेनाला टोपण लावलं आणि प्रेमानं म्हणाले, "आता खरं कारण सांगा मॅडम. मी लिहीत नाई."

*

आता त्या स्पर्धेतला किस्सा.

फायनलला सहा होड्या. मित्राला पदक मिळेल असं कोणीच धरलं नव्हतं. हीट्समध्ये, म्हणजे आधीच्या फेऱ्यांत, तिचा नंबर चौथा होता. पहिली होती निळ्या जॅकेटची एक उंच मुलगी, आदल्या दिवशी सगळ्यांच्या दोन होड्यांच्या लांबीइतकी पुढे.

शर्यतीच्या दोन तास आधी वजनाची खोली उघडते आणि बरोबर एका तासानं बंद होते. सहाही मुली रांगेत. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. बाहेरच्या व्हरांड्यात मुलींना स्वतःचं वजन बघायला एक काटा ठेवला होता. त्यावर मित्रा एकोणसाठ-एक आली. शंभर ग्रॅम वर!

तिच्या आधी चौघींचं झालं. सगळ्या पास. निळ्या जॅकेटवालीही पास, नेमकी एकोणसाठवर. मित्रा आत गेली, मी तिच्या मागे. खऱ्या काट्यावर उभी राहिली. अठ्ठावन्न पूर्णांक नऊ!

चष्म्यातल्या वयस्कर बाई हसल्या. "गुड," म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. मी देव मानत नाही, पण त्या क्षणी कोणाला तरी हात जोडले.

मित्रा खाली उतरेना. ती काट्यावरून खाली वाकून बघत होती. मग बोट दाखवून म्हणाली, "मॅम, लेग."

काट्याचा एक पाय गालिच्यावर चढलेला होता. बाकी तीन फरशीवर.

"मित्रा," मी दात आवळून मराठीत म्हटलं, "उतर खाली."

"मॅम, लेग. नॉट राइट."

अन्यायाशी लढायला मी सातासमुद्रापलीकडून परत आले होते हो! आणि तिथे उभी राहून मी तिच्या जर्सीचं टोक ओढत होते.

बाई गुडघ्यांवर बसल्या. बघितलं. एका माणसाला बोलावलं. काटा उचलून सपाट फरशीवर ठेवला, ठरलेल्या वजनानं तपासला. मित्रा पुन्हा चढली. एकोणसाठ पूर्णांक एक. बाईंचं हसू गेलं. त्यांनी कागदावरची आधीची चारही नावं खोडली आणि सगळ्यांना परत बोलवायला सांगितलं.

पंचवीस मिनिटं उरली होती. मित्रानं माझं जॅकेट घातलं, त्यावर रेनकोट, आणि पार्किंगमधल्या बसांच्या मधून धावायला लागली. मी घड्याळ घेऊन शेजारी धावत होते आणि तोंडानं जे काही बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. सात मिनिटं उरलेली असताना ती परत चढली. एकोणसाठ. बरोबर एकोणसाठ!

निळ्या जॅकेटवाली एकोणसाठ-दोन भरली. तीही धावली. पण तिच्या अंगात घामाचा थेंब उरला नव्हता. दार बंद झालं तेव्हा ती काट्याशेजारी जमिनीवर बसली होती. आणखी एक मुलगीही राहिली.

फायनलला चार होड्या उतरल्या. मित्रा दुसरी आली. गळ्यात रौप्यपदक! मी फोन लावला, तर पलीकडे काका एकच वाक्य परत परत म्हणत होते, "काटा बराबर होता ना? काटा बराबर होता ना?"

पदकं देऊन झाल्यावर निळ्या जॅकेटवालीची कोच माझ्याकडे आली. माझा हात हातात घेतला आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला. "व्हेरी क्लेव्हर," म्हणाली.

मी "नो, नो" म्हणत राहिले. जेवढं "नो" म्हटलं, तेवढा तिचा चेहरा पक्का होत गेला.

हॉटेलकडे जाणाऱ्या बसमध्ये मित्रा खिडकीशी बसून भात खात होती. हातानं, मोठे मोठे घास. दोन दिवसांनी पहिलं जेवण. मी माझाही डबा तिच्याकडे सरकवला. मग राहवलंच नाही.

"मित्रा, खरं सांग. ती जास्त भरणार हे तुला माहीत होतं का?"

मित्रानं तोंडातला घास संपवला.

"तुम्ही काट्याकडे पाहून राहिल्या होत्या मॅडम," ती म्हणाली. "मी लाइनीतल्या पोरीईकडे पाहून राहिली होती. कोणाचा घाम सरला, ते तोंडावर दिसते."

आणि तिनं दुसरा डबा उघडला.